अकॅडियाच्या डोंगरवाटा: एका दिवसाच्या पदभ्रमणाची आखणी

अमेरिकेच्या मेन राज्यातील अकॅडिया राष्ट्रीय उद्यानाचा बहुतांश भाग माउंट डेझर्ट या बेटावर आहे. तेथील सर्वांत उंच डोंगर कॅडिलॅक हा १,५३० फूट, म्हणजे जेमतेम ४६६ मीटर उंचीचा आहे. कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगड चढलेला आणि लांब सुट्टीत बॉस्टनहून गाडी काढून आलेला मराठी माणूस हा आकडा वाचून निर्धास्त होतो. पण चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते, वाटा वळसे न घेता थेट कातळावर चढतात आणि झाडी संपल्यावर समुद्रावरचा वारा थेट अंगावर येतो. त्यामुळे येथे मैल मोजून वेळेचा अंदाज बांधू नये. सपाट रस्त्यावर तासाला तीन मैल चालणाऱ्याने येथे दीड मैल धरावा.

पहिला प्रश्न गाडीचा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये सँड बीच आणि जॉर्डन पाँड येथील वाहनतळ सकाळीच भरतात, म्हणून गाडी बार हार्बर गावात मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून आयलंड एक्स्प्लोरर ही मोफत बससेवा वापरणे सोयीचे. ही सेवा साधारणपणे जूनच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. बसचा आणखी एक लाभ असा की, एका बाजूने चढून डोंगराच्या दुसऱ्या बाजूला उतरता येते. मात्र परतीच्या शेवटच्या बसची वेळ निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी. उद्यानाचा प्रवेश परवाना पायी फिरणाऱ्यांनाही लागतो. कॅडिलॅकच्या माथ्यावर गाडीने जायचे असेल, तर हंगामात त्यासाठी वेगळे आरक्षण करावे लागते, चालत जाणाऱ्याला ते लागत नाही. माझ्या मते कॅडिलॅक पाहावा तो दक्षिण सोंडेने चालत जाऊनच. जाऊन-येऊन सुमारे सात मैलांची ही वाट लांब असली तरी चढ बेताचा आहे, आणि वरच्या उघड्या कातळावरून समुद्र बराच वेळ सोबत करतो.

एकच पूर्ण दिवस हाताशी असेल, तर पेनॉब्स्कॉट आणि सार्जंट या जोडडोंगरांची फेरी करावी. जॉर्डन तलावाजवळच्या जॉर्डन पाँड हाउस या उपाहारगृहापासून निघून स्प्रिंग ट्रेलने चढावे. सुरुवातीचा टप्पा उभा आहे आणि काही ठिकाणी लाकडी कठड्यांचा आधार घ्यावा लागतो, परंतु लवकरच गुलाबी ग्रॅनाइटची मोकळी धार लागते आणि पुढचे चालणे केवळ आनंदाचे होते. पेनॉब्स्कॉटच्या माथ्यावरून (१,१९४ फूट) उतरले की दोन्ही डोंगरांमधल्या खोलगटात एक लहानसे तळे आहे. जेवणासाठी थांबायला ती जागा उत्तम. तेथून सार्जंटचा माथा (१,३७३ फूट) गाठून पुन्हा तळ्याकडे यावे आणि डिअर ब्रुक ट्रेलने जॉर्डन तलावाच्या उत्तर टोकाला उतरावे. ही उतरण दगडधोंड्यांची आहे, त्यामुळे गुडघ्यांसाठी काठी जवळ असलेली बरी. पश्चिम काठाने परतताना बराच भाग अरुंद लाकडी फळ्यांवरून जातो. तलावाचे पाणी पिण्यासाठी पुरवले जाते, म्हणून त्यात पोहण्यास मनाई आहे. फेरीअंती जॉर्डन पाँड हाउसमध्ये चहा आणि गरमागरम पॉपओव्हर (आतून पोकळ, फुगलेले पाव) खाण्याची प्रथा जुनी आहे; ती अवश्य पाळावी.

बीहाइव्ह आणि प्रेसिपिस या वाटांची गोष्ट वेगळी. बीहाइव्ह डोंगर अवघा ५२० फुटांचा आहे, पण कड्यात ठोकलेल्या लोखंडी कड्यांना धरून आणि अरुंद कंगोऱ्यांवरून तो चढावा लागतो, आणि पायांखाली सरळ दरी असते. आपल्याकडे शिड्यांच्या वाटा केलेल्यांना तंत्र नवे नाही. तरीही उंचीची भीती असणाऱ्याने आणि लहान मुले सोबत असणाऱ्याने येथे जाऊ नये. लोखंडी कड्यांच्या वाटेने फक्त चढावे आणि उतरताना मागच्या बाजूने, बोल नावाच्या तळ्याकडून यावे. कारण अर्ध्या कड्यावर वरून येणारा आणि खालून जाणारा समोरासमोर आले, तर दोघांपैकी एकालाही सरकायला जागा नसते. शँप्लेन डोंगराची प्रेसिपिस वाट याहून कठीण आहे. बहिरी ससाण्यांच्या विणीसाठी ती वसंतापासून साधारणपणे ऑगस्टच्या मध्यापर्यंत बंद असते. कातळ ओला असेल, तर या दोन्ही वाटांचा विचारच सोडून द्यावा. हाच ग्रॅनाइट कोरडा असताना बुटाला घट्ट धरतो, पण ओल्या शेवाळावर पाय क्षणात निसटतो.

भारतातून आलेले आई-वडील सोबत असतील, तर सँड बीचपासून ऑटर पॉइंटपर्यंतची ओशन पाथ ही सुमारे दोन मैलांची किनारवाट किंवा उद्योगपती घराण्यातील जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी घोडागाड्यांसाठी बांधवलेले मोटारविरहित कॅरिज रोड निवडावेत.

उघड्या माथ्यांवर वाट ओळखण्यासाठी निळ्या रंगाच्या पट्ट्या आणि दगडांच्या राशी असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉल्ड्रन बेट्स यांनी रूढ केलेली या राशींची रचना लक्षात ठेवण्याजोगी आहे: खाली दोन आधार, त्यांवर आडवा दगड आणि सर्वांत वर दिशा दाखवणारा छोटा दगड. स्वतःची रास रचू नये आणि असलेलीला हात लावू नये, कारण समुद्रावरून अचानक धुके आले की पुढच्याची सारी भिस्त तिच्यावरच असते. धुक्यात पुढची खूण दिसल्याशिवाय आधीची सोडू नये. माथ्यावर चालताना पाय कातळावरच ठेवावा. फटींमधली खुरटी झाडे एकदा तुडवली गेली की सावरायला फार काळ घेतात.

उन्हाळ्यातही वाराप्रतिबंधक जाकीट, माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला लावायचा दिवा आणि कागदी नकाशा बरोबर असावा, कारण मोबाइलला सर्वत्र रेंज मिळत नाही. मे-जूनमध्ये काळ्या माश्या फार चावतात. गोचिडींपासून लाइम रोगाचा धोका असल्याने लांब विजार मोज्यांत खोचावी, आणि मुक्कामी परतल्यावर आंघोळीपूर्वी गुडघ्यांमागे, काखेत व केसांच्या मुळांशी अंग नीट तपासावे.