ग्रुपवर 'यांचा कंपू झालाय' असं लोक म्हणायला लागले तर ॲडमिननं काय करायचं

आपल्याकडं गल्लीचा ग्रुप, गणपती मंडळाचा, शिवजयंतीच्या चित्ररथाचा, शाळेच्या बॅचचा, ढीगभर ग्रुप असतात आणि बेळगाव काय, खानापूर काय, निपाणी काय, थोड्या दिवसांनी एकच तक्रार ऐकू येते, "त्यांचं आधीच ठरलेलं असतंय, आपण कशाला बोलायचं". ॲडमिनला हे फार लागतं कारण त्यानं मुद्दाम काही केलेलंच नसतं. पण वाद घालत बसू नका, आधी मागच्या पंधरा दिवसांचे मेसेज वर जाऊन वाचा आणि कुणाला उत्तरच मिळालं नाही तेवढं बघा.

कुणीतरी कन्नडमधल्या नोटिशीचा फोटो टाकून विचारलेलं असतंय, ह्यात काय लिहिलंय सांगा की कुणीतरी. त्यावर काहीच नाही. लगेच खाली ॲडमिनच्या दोस्ताचा वाढदिवस, मग केक, हार, फटाके, संध्याकाळपर्यंत तेच. विचारणारी असते गल्लीत नवीन आलेली सून नाहीतर भाडेकरू, ती परत कधी विचारत नाही. म्हणून नवीन माणसाच्या पहिल्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर गेलंच पाहिजे, तुम्हाला कन्नड वाचता येत नसेल तर ज्याला येतं त्याला टॅग करा, पण प्रश्न तसाच लोंबकळत ठेवू नका.

दुसरं, ॲडमिन लोकांचा वेगळा छोटा ग्रुप असतो, वर्गणी किती, मिरवणूक कधी हे सगळं तिथं ठरतं आणि मोठ्या ग्रुपवर नुसतं "ठरलंय" येतं. संशय इथनंच सुरू होतो. छोट्या ग्रुपवर हिशोब करा, निर्णय मोठ्या ग्रुपवर घ्या, पोल टाका, दोन दिवस द्या, आणि वयस्कर लोक पोल दाबत नाहीत तर त्यांना फोन करून विचारा.

मेसेज डिलीट करायचा असेल तर पहिला आपल्या माणसाचा करा. व्हॉट्सॲपवर ॲडमिननं काढला हे सगळ्यांना दिसतंच, त्यामुळं का काढला ते एका ओळीत लिहा, नाहीतर लोक आपापलं कारण शोधतात. भांडण झालं म्हणून ग्रुप 'फक्त ॲडमिन' करून ठेवला तर आमचं तोंड बंद केलं असंच वाटणार, करायचाच तर रात्रीपुरता करा आणि कधी उघडणार ते आधी सांगा.

ॲडमिन सगळे एकाच कट्ट्यावरचे नकोत. एक तरी बाई असू दे, गल्लीत कन्नड घरं असतील तर त्यांच्यातलं एकजण असू दे, आणि हो, त्यांना नुसतं नावाला ठेवू नका.

2022 पासून कुणी ग्रुप सोडला की त्याची सूचना फक्त ॲडमिनला येते, बाकीच्यांना नाही. त्याला परत ॲड करू नका. फोन करा, काय खटकलं विचारा, आणि मधे न बोलता ऐकून घ्या.