लोणारला जाताय? एक मुक्काम नक्की ठेवा

वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीला शेपूट जोडल्यासारखं लोणार उरकायचं, ही सर्वांत मोठी चूक. भर दुपारी विवराच्या काठावर गाडी थांबते, समोर धुरकट हिरवट पाणी दिसतं, दोन फोटो होतात आणि ‘एवढंच होय?’ म्हणत मंडळी परत फिरतात. हे विवर उल्कापातातून झालेलं, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल, तळाशी खारं सरोवर. ते वरून बघायचं संध्याकाळी आणि आत उतरायचं सकाळी. त्यामुळे एक मुक्काम लागतोच.

रेल्वेने येणाऱ्यांना जालना सोयीचं. मुंबईहून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस धरली तर सकाळी जालन्याला उतरता येतं. तिथून लोणार साधारण 90 किलोमीटर, एसटीने अडीच तास धरा. थेट गाडी मिळाली नाही तर मेहकरकडे जाणारी एसटी धरून सुलतानपूरला उतरा. तिथून लोणार 12-13 किलोमीटर राहतं आणि पुढे गाड्या मिळतात. स्वतःच्या गाडीने समृद्धी महामार्गावरून येत असाल तर मेहकरजवळ बाहेर पडा. मेहकर ते लोणार सुमारे 25 किलोमीटर. लोणारच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर दुसऱ्या दिवशीच्या परतीच्या गाड्यांच्या वेळा विचारून लिहून घ्या. संध्याकाळनंतर गाड्या विरळ होतात.

राहायला एमटीडीसीचं निवास आहे, गावात लॉजही आहेत. शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी आणि नवरात्र या दिवसांत आधी आरक्षण केल्याशिवाय येऊ नका. नवरात्रात विवराच्या आत, सरोवराकाठच्या कमळजादेवीची यात्रा भरते, तेव्हा आत उतरायच्या वाटेवर भाविकांची गर्दी असते. देवदर्शन हाच हेतू असेल तर जरूर त्या दिवसांत या. विवर शांतपणे बघायचं असेल तर ते दिवस टाळा.

पहिल्या दिवशी दुपारी दैत्यसूदन मंदिर करा. ते गावातच आहे. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे मंदिर. ‘लोणार’ या नावाचा संबंध याच लवणाशी जोडतात. बाहेरच्या भिंती तर बघालच, पण खरी कमाल आत, छतावर आहे. पौराणिक प्रसंग इतके बारीक कोरलेत की मान वर करून पंधरा-वीस मिनिटं उभं राहावं लागतं. आत अंधार असतो. मोबाइलचा उजेड छतापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून बऱ्यापैकी झोताची बॅटरी सोबत ठेवा आणि झोत तिरका पाडा. समोरून पाडला तर कोरीवकाम सपाट दिसतं. तिथून लिंबी बारव आणि मग मोठा मारुती. हा मारुती निजलेला आहे. शेजारी अंबर तळं आहे, तेही उल्कापातातूनच झालं असावं असा एक अंदाज आहे. त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

ऊन कलल्यावर धारेवर जा. गोमुखातून बारमाही पडणारी ही गोड्या पाण्याची धार विवराच्या ईशान्य कडेला आहे, त्यामुळे मावळतीचा सूर्य सरोवरापलीकडे समोर दिसतो. फोटोसाठी मात्र दुसऱ्या दिवशीची सकाळ चांगली, कारण तेव्हा सूर्य पाठीशी असतो आणि समोरची कड उजळून निघते. धारेवर आंघोळ करणारे भाविक असतात, तिकडे कॅमेरा रोखू नका. साबणही लावू नका. ते पाणी वाहत सरोवरातच जातं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच उतरायला लागा. आतला भाग वन्यजीव अभयारण्य आहे, तेव्हा प्रवेशाची वेळ आणि नियम आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा. जमल्यास माहितगार वाटाड्या घ्या, कारण आत पायवाटा फुटतात आणि झाडीत एकसारख्याच दिसतात. माणशी दोन लिटर पाणी घ्या, आत दुकान नाही. पायात पकड असलेले बूट हवेत. चपला मुरमाड उतारावर सरकतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, काटेरी झुडपं बरीच आहेत. खायला दशम्या किंवा लाडू घ्या, पण पिशवीच्या आत. हातात खाऊ दिसला की वानरं सोडत नाहीत.

लोकांचा अंदाज चुकतो तो परतीच्या चढाचा. उतरताना काही वाटत नाही, पण दीडशे मीटरची चढण म्हणजे चाळीस-पन्नास मजले, आणि ती चढायची तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं. विवराच्या वाटोळ्या भिंतींमुळे आत वारा कमी लागतो. म्हणून नऊ-साडेनऊला परत वळा. सरोवराची पूर्ण फेरी चार किलोमीटरच्या वर भरते आणि काठ कुठे कुठे दलदलीचा आहे. पहिल्यांदा येत असाल तर रामगया आणि कमळजादेवी ही दोन मंदिरं एवढंच करा. गुडघेदुखी असलेल्यांनी वरूनच बघावं.

काठावरची बरीच मंदिरं पडझड झालेली आहेत. गाभाऱ्यात वटवाघळं असतात आणि कपारीत मधमाश्यांची पोळी. अत्तर लावून जाऊ नका, आत धूर करू नका. पावसाळ्यानंतर पाणी चढलं की काठच्या वाटा बुडतात. पाणी उतरलं तर कमळजादेवीजवळची सासू-सुनेची विहीर उघडी पडते; तिच्यात एका बाजूला गोडं, दुसऱ्या बाजूला खारं पाणी असल्याचं सांगतात.

मुलं सोबत असतील तर घरून हळदीचा कागद करून आणा. पांढऱ्या कागदावर ओली हळद फासून वाळवायची, पट्ट्या कापायच्या. एक पट्टी धारेच्या पाण्यात बुडवा, ती पिवळीच राहते. दुसरी सरोवराच्या पाण्यात बुडवली की लालसर होते, कारण हे पाणी खारट तर आहेच, शिवाय तीव्र अल्कधर्मीही आहे. पट्ट्या परत घेऊन या. ते पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका, हात गोड्या पाण्याने धुवा. शेवाळ कुजल्याचा उग्र वास येतो, त्याची मनाची तयारी ठेवा.

गुलाबी पाणी बघायच्या आशेने येणाऱ्यांसाठी: 2020 च्या जूनमध्ये पाणी आटलं, क्षारता वाढली आणि त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग आणला. दरवर्षी तसं होत नाही. एरवी पाणी हिरवंच असतं. त्याच वर्षी सरोवराला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळाचा दर्जा मिळाला. इथले दगड खिशात घालू नका. काळ्या पाषाणावर अवकाशातून झालेल्या आघाताच्या खुणा या दगडांत आहेत आणि अभ्यासक त्यांच्यासाठी जगभरातून इथे येतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात कड हिरवीगार दिसते, पण उतार निसरडा होतो. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आत उतरूच नका.

परतताना वेळ उरला तर मेहकरला शारंगधर बालाजीची 1888 साली जमिनीत सापडलेली काळ्या पाषाणातली भव्य मूर्ती आहे. जालन्याकडे जाणाऱ्यांना वाटेत सिंदखेडराजा लागतं, तिथे जिजाऊंचं जन्मस्थान आणि लखुजीराव जाधवांची समाधी बघायला दोन तास ठेवा. 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीसाठी तिथे प्रचंड गर्दी होते. त्या दिवशी जालन्याहून रेल्वे पकडायची असेल तर मंठ्याच्या रस्त्याने जा.