ऑटोमॅटिक गाडी ‘पी’वर अडकली तर

विश्वामित्री नदीचं पाणी चढू लागलं की बडोद्यात सखल सोसायट्यांमधल्या गाड्या आधी हलवाव्या लागतात. अशा वेळी बॅटरी बसलेली असेल तर ऑटोमॅटिकचा गिअर ‘पी’वरून, म्हणजे पार्कवरून, हलत नाही. घाबरू नका. हँडब्रेक घट्ट ओढा. चाकाला उताराच्या बाजूने वीट लावाच, न्यूट्रलमध्ये गाडी लगेच घरंगळते. स्टिअरिंग लॉक सुटावं म्हणून किल्ली फिरवून ठेवा. बहुतेक गाड्यांत गिअर लिव्हरजवळ नखाएवढं झाकण असतं. चपट्या स्क्रू-ड्रायव्हरला फडकं गुंडाळून ते उचकटा, खाचेत टोक दाबून धरा आणि ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर ‘एन’वर, म्हणजे न्यूट्रलवर, आणा. बटणाच्या गिअरवाल्या गाडीत बहुधा हे झाकण नसतं, तिथे मॅन्युअल आधीच वाचून ठेवा. बॅटरी चांगली असूनही गिअर अडला, तर ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागतात का बघा. नसतील लागत तर ब्रेक स्विच किंवा फ्यूज तपासून घ्या.