क्रॉसड्रेसिंगला नव्याने सुरुवात केलीय? मेकअपचे रंग असे निवडा

माझी पहिली लिपस्टिक लालभडक होती आणि पहिलं फाउंडेशन, म्हणजे चेहऱ्याचा रंग एकसारखा करणारा लेप, माझ्या रंगापेक्षा दोन छटा उजळ. दार लावून तासभर खपलो आणि आरशात बघितलं, तर मान एकाची आणि चेहरा दुसऱ्याचा. हनुवटीभोवतीचा निळसर पट्टा एवढ्या थरांखालूनही डोकावत होता. सामान वाईट नव्हतं. डबीत जे छान दिसलं ते मी उचललं होतं, एवढंच.

मुली या चुका शाळकरी वयात करतात. मैत्रिणी हसतात, बहीण म्हणते ‘पूस ते आधी’, आणि विशीपर्यंत हात बसलेला असतो. आपल्यातले, म्हणजे बायकी पोशाख करणाऱ्या पुरुषांतले, बरेच जण हे तिशी-चाळिशीत, एकट्याने, बंद खोलीत शिकतात. ‘पूस ते’ म्हणणारं कोणी नसतं. म्हणून रंग निवडताना क्रम पाळायचा: आधी त्वचा, मग दाढी, मग फाउंडेशन, आणि ज्यात जीव अडकलेला असतो ते ओठ आणि डोळे सगळ्यात शेवटी.

१. आधी उजेड

घरातल्या पिवळ्या दिव्याचा उजेड साधारण २७०० केल्विनचा असतो. त्यात सगळेच चेहरे उबदार दिसतात आणि नारिंगी पडलेलं फाउंडेशनही खपून जातं. खरा रंग कळतो तो दिवसाच्या उजेडात. खिडकीकडे तोंड करून बसा, पण थेट उन्हात नको. खिडकी उघडणं सोयीचं नसेल, तर ५००० ते ६५०० केल्विनचा पांढरा दिवा घ्या. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, तो ९० च्या वर असलेला बरा; त्यात रंग खरे दिसतात. दिवा समोर ठेवा, डोक्यावर नको. वरून उजेड पडला की भुवयांच्या हाडाची सावली डोळ्यांवर येते आणि ती घालवायला आपण उगाच फिकट रंगाचे थर चढवत बसतो.

२. त्वचेचा रंग आणि त्याखालची झाक

त्वचेत दोन गोष्टी बघायच्या. एक, ती किती उजळ किंवा गडद आहे. दुसरी, तिच्या खालची झाक, ज्याला सगळे अंडरटोन म्हणतात. पिवळसर-सोनेरी असेल तर उबदार, गुलाबी किंवा निळसर असेल तर थंड, दोन्हीकडे न झुकणारी असेल तर मधली. काहींच्या त्वचेत हिरवट छटा असते, तिला ऑलिव्ह म्हणतात. अशांना गुलाबी फाउंडेशन हमखास उपरं दिसतं.

मनगटाच्या शिरा हिरव्या दिसतात की निळ्या, ही परीक्षा सगळीकडे सांगितली जाते. गडद त्वचेवर शिरा धड दिसतच नाहीत, त्यामुळे माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. त्यापेक्षा पांढराशुभ्र कागद मानेशेजारी धरा. कागदाच्या शेजारी त्वचा पिवळी वाटते की गुलाबी, ते चटकन कळतं. मान म्हणतोय, गाल नाही. नुकतीच दाढी केलेला गाल लाल झालेला असतो आणि तो थापा मारतो.

३. दाढीची निळसर झाक

आपल्या मेकअपचं घोडं अडतं ते इथे. दाढी कितीही घोटून केली तरी केसाचं मूळ त्वचेच्या आत असतंच. ते काळं मूळ त्वचेच्या थरातून आपल्याला निळसर-राखाडी दिसतं. त्यावर त्वचेच्या रंगाचा कन्सीलर, म्हणजे डाग झाकणारा दाट लेप, लावला की निळा जात नाही, नुसता फिकट राखाडी होतो. मग आणखी एक थर, मग आणखी एक, आणि शेवटी पीठ फासल्यासारखा चेहरा.

उपाय रंगचक्रात आहे. न्यूटनने १७०४ साली छापलेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात रंग वर्तुळात मांडून दाखवले. त्याच कल्पनेतून पुढे आलेल्या रंगचक्रात समोरासमोरचे रंग एकमेकांत मिसळले की एकमेकांना मारतात. निळ्याच्या समोर नारिंगी येतो. म्हणून फाउंडेशनच्या खाली नारिंगी घराण्यातला कलर करेक्टर, म्हणजे नको असलेला रंग मारणारा लेप, लावायचा. उजळ त्वचेला पीच पुरतो. मध्यम किंवा सावळ्या त्वचेला सरळ नारिंगी लागतो. खूप गडद त्वचेला लालसर नारिंगी किंवा विटकरी. तिथे पीच लावलात तर राखेसारखा पांढुरका डाग दिसेल. दाढीचे केस सोनेरी आणि झाक नसल्यासारखीच असेल, तर ही पायरी सोडून द्या.

लावायचं असं. कोमट पाण्याने चेहरा धुऊन दाढी करा, आधी केसांच्या दिशेने आणि त्वचेला सोसत असेल तर एकदा आडवी. मॉइश्चरायझर लावून अर्धा तास थांबा. सकाळी दाढी आणि रात्री मेकअप हा हिशेब जमत नाही. मधल्या वेळात केस वर येतात आणि करेक्टर खुंटांवर अडकतो. आता करेक्टर बोटाच्या टोकावर घ्या आणि जिथे निळं दिसतं तिथेच थोपटा: वरचा ओठ, हनुवटी, जबड्याची कड. चोळायचं नाही, चोळलं की तो नुसता सरकतो. या टप्प्यावर आरशातला माणूस ऊन लागल्यासारखा तांबूस दिसेल. घाबरू नका, तसंच दिसायला हवं. त्यावर पावडरचा अगदी हलका हात फिरवा आणि मग फाउंडेशन ओल्या स्पंजने दाबत दाबत बसवा.

पाच मिनिटांनी बघा. नारिंगी डोकावत असेल तर करेक्टर जास्त झाला. राखाडी डोकावत असेल तर करेक्टर कमी पडला किंवा त्याची छटा फिकट आहे. माझ्या सहा-सात रात्री या एका पायरीत गेल्या, पण त्यानंतर फाउंडेशन निम्म्याने कमी लागायला लागलं.

करेक्टर हाताशी नसेल तर नारिंगी-लाल मॅट (चमक नसलेल्या) लिपस्टिकचा पुसट थर चालून जातो. मात्र तो दाढीपुरताच. ओठांसाठीचे काही लाल रंग डोळ्यांभोवती लावण्यासाठी नसतात, म्हणून तीच लिपस्टिक डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर फिरवू नका.

४. फाउंडेशन

जवळजवळच्या तीन छटा घ्या. जबड्यापासून मानेपर्यंत तिन्हींचे उभे पट्टे ओढा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. काही फाउंडेशनं हवा आणि त्वचेचं तेल लागल्यावर गडद होतात, म्हणून लावल्या लावल्या निकाल द्यायचा नाही. जो पट्टा दिसेनासा होतो तो तुमचा. एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीला लागू पडत नाही, त्यामुळे ‘माझा नंबर अमुक’ असं पाठ करून उपयोग नाही.

उजळ छटा घ्यायचा मोह होईल. ‘बायकी दिसायचं तर गोरं दिसायला हवं’ असा एक गैरसमज डोक्यात बसलेला असतो, माझ्याही होता. उजळ फाउंडेशनने चेहरा फक्त मानेपासून सुटून येतो. चेहरा आणि मान वेगवेगळ्या रंगाची असतील, तर मानेचा रंग धरा. गळा मोठा असलेला पोशाख घालणार असाल तर छातीचा.

दाट थर दाढीच्या भागापुरता ठेवा. कपाळ आणि गालांवर पातळ थर असला की त्वचा त्वचेसारखी दिसते. फोटो काढायचे असतील तर पांढरी बारीक सिलिका पावडर जपून वापरा. आरशात ती दिसत नाही, पण फ्लॅश पडला की डोळ्यांखाली आणि नाकाभोवती पांढरे ढग उमटतात. पांढरट पडणाऱ्या सनस्क्रीनचंही तेच.

कोणतीही नवी वस्तू चेहऱ्यावर घेण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहा. नुकत्याच वस्तरा फिरलेल्या त्वचेला पुरळ लवकर येतं.

५. ओठ

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रसेल यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. चेहऱ्याची त्वचा एकीकडे आणि डोळे-ओठ दुसरीकडे, यांच्या उजळ-गडदपणातला फरक बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त असतो, असं त्यांना आढळलं. एकाच चेहऱ्याच्या चित्रात हा फरक वाढवला की लोकांना तो बाईचा वाटे, कमी केला की पुरुषाचा. म्हणजे भडक रंग लागतोच असं नाही. ओठ आणि डोळे आजूबाजूच्या त्वचेपेक्षा थोडे गडद झाले, की काम भागतं.

म्हणूनच त्वचेत विरघळून जाणाऱ्या फिक्या बेज लिपस्टिक नवख्याने घेऊ नयेत असं माझं मत आहे. त्या ओठ पुसून टाकतात, आणि आपल्याला नेमकं उलटं हवं असतं.

खालचा ओठ किंचित ओढून आतला रंग बघा. त्याच घराण्यातली, ओठांच्या बाहेरच्या रंगापेक्षा एक-दोन छटा गडद लिपस्टिक ही पहिली खरेदी. उबदार झाकेला पीच-गुलाबी, विटकरी, तपकिरीकडे झुकणारे रंग; थंड झाकेला गुलाबी, बोरासारखे, वाइनसारखे. लाल हवाच असेल तर लालातही दोन जाती आहेत. निळसर लालाने दात पांढरे भासतात, नारिंगी लालाने पिवळे. चहा-सिगारेटवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पुरुषांचे ओठ, विशेषतः वरचा, बहुधा पातळ असतात. गडद मॅट रंगाने ते आणखी पातळ दिसतात. मध्यम छटेचा, थोडी चमक असलेला रंग त्यांना भरीव करतो. लिपलायनर लिपस्टिकच्याच रंगाचा घ्या. गडद रेघ आणि आत फिकट रंग हे जमवायला कसलेला हात लागतो.

६. डोळे आणि भुवया

बावीस रंगांची पेटी घेऊ नका. तीन मॅट छटा पुष्कळ झाल्या: एक त्वचेच्या रंगाची, एक तिच्याहून थोडी गडद, एक बरीच गडद. मधली पापणीच्या घडीत, गडद बाहेरच्या कोपऱ्यात. पुरुषांच्या भुवयांखालचं हाड पुढे आलेलं असतं आणि चमकदार रंग जे असेल ते आणखी पुढे आणतो. तेव्हा चकाकी त्या हाडावर अजिबात नको. हौस म्हणून पापणीच्या मधोमध बोटाने टिपका द्या. निळी आणि हिरवी आयशॅडो पेटीत सगळ्यात सुंदर दिसते, वर्षभराने घ्या.

तपकिरी डोळ्यांना जांभळट आणि तांबूस छटा खुलतात, निळ्यांना पीच आणि तांब्याचा रंग, हिरव्यांना वांगी रंग. उजळ आणि मध्यम त्वचेवर काळ्याऐवजी गडद तपकिरी आयलायनर घ्या. रेघ वाकडी गेली तरी खपते. गडद त्वचेवर तपकिरी हरवतो, तिथे काळा किंवा गडद जांभळा. मस्कारा काळाच घ्या आणि उघडल्यावर साधारण तीन महिन्यांनी टाकून द्या.

भुवयांचा रंग डोक्यावरच्या केसांवर ठरतो, आणि विग घालणार असाल तर विगवर. खालचे स्वतःचे केस विसरायचे. विगच्या मुळांजवळचा रंग बघा, टोकांचा नव्हे. काळ्या विगला कोळशासारखी भुवई कोरू नका, एक छटा फिकी, राखाडीकडे झुकणारी गडद तपकिरी घ्या. फिक्या विगला भुवई एक-दोन छटा गडद हवी. म्हणून मेकअपची रंगीत तालीम विग घालूनच करा. टक्कल किंवा आखूड केसांत बरा वाटलेला रंग विगखाली अगदीच वेगळा दिसू शकतो.

७. गाल

जिने चढून आल्यावर गाल ज्या रंगाचे होतात, तो ब्लशचा रंग. उजळ त्वचेला फिका गुलाबी किंवा पीच, मध्यमला गडद गुलाबी, गडद त्वचेला विटकरी किंवा वाइन; डबीत तो भीतीदायक वाटतो, गालावर नाही. गालाच्या हाडावर, वर कानाकडे न्या. खाली दाढीच्या भागात उतरला की केलेल्या सगळ्या कष्टांवर पाणी.

कंटूर, म्हणजे चेहऱ्यावर सावलीचा भास करणारा गडद रंग, पहिला महिनाभर बाजूला ठेवा. घ्यायचाच झाला तर राखाडीकडे झुकणारा तपकिरी घ्या, कारण सावली नारिंगी नसते.

८. फोटो काढा, मग पुसा

झालं की फ्लॅश बंद करून खिडकीच्या उजेडात फोटो काढा आणि दुसऱ्या दिवशी बघा. त्या रात्रीच्या आनंदात सगळंच छान दिसतं. कोणती छटा कुठे लावली ते एका वहीत लिहून ठेवा. फोटो फोनवर ठेवायचे नसतील तर वही तरी ठेवाच.

रंग निवडताना तो उतरतो कसा, हेही बघा. बारीक चमकी खुंटांत अडकते आणि दोन दिवस निघत नाही. गडद, टिकाऊ लिपस्टिक ओठांच्या भेगांत राहते. आधी तेलाने किंवा क्लीन्झिंग बामने सगळं विरघळवा, मग फेसवॉशने धुवा. तरीही पापण्यांच्या मुळाशी लायनरची बारीक काळी रेघ उरतेच. कान साफ करायच्या काडीला तेलाचा एक थेंब लावून पापण्यांच्या मुळांवरून हलकेच फिरवा. सकाळी कामावर निघण्याआधी खिडकीत जाऊन खालची पापणी ओढून पुन्हा एकदा बघा. काल रात्रीच्या आरशात ती रेघ दिसलेली नसते.