ब्रोकरच्या ॲपवरून म्युच्युअल फंड घेताना 'डायरेक्ट' नीट ओळखा

पॅन, आधार, बँक खातं हाताशी आहे आणि केवायसी झालंय, असं धरून चालते. खातं उघडतानाच नॉमिनीचं नाव भरून टाका. पैसे स्वतःच्याच बँक खात्यातून भरा. नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या खात्यातून पाठवलेले चालत नाहीत.

आता योजना शोधा, आणि इथे घाई नको. शोधलं की एकाच योजनेची चार नावं समोर येतात: डायरेक्ट ग्रोथ, डायरेक्ट आयडीसीडब्ल्यू, रेग्युलर ग्रोथ, रेग्युलर आयडीसीडब्ल्यू. ग्रोथमध्ये नफा फंडातच वाढत राहतो, आयडीसीडब्ल्यूमध्ये तो अधूनमधून वाटला जातो. मॅनेजर तोच, शेअर तेच. डायरेक्ट म्हणजे थेट फंडाकडून, मध्ये वितरक नाही. रेग्युलरमध्ये मात्र वितरकाचं कमिशन तुमच्या पैशातून दरवर्षी जातं, आणि ते वेगळं कापलेलं कुठेच दिसत नाही, कारण एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, ते वजा होऊनच येते. सेबीच्या आदेशाने १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेत डायरेक्ट मिळतो. तरी काही ॲप आजही फक्त रेग्युलरच विकतात. 'आमच्याकडे शून्य ब्रोकरेज' यावर जाऊ नका, योजनेचं नाव शेवटच्या शब्दापर्यंत वाचा.

मी वाचलं नव्हतं. बँकेतल्या माणसाने लावून दिलेली एसआयपी, म्हणजे दरमहाचा ठरावीक हप्ता, तीन वर्षं भरत राहिले. एकदा भावाचं स्टेटमेंट शेजारी ठेवलं तर फंड तोच, तारीख तीच, पण त्याची एनएव्ही माझ्यापेक्षा जास्त. मला वाटलं, त्याला महाग पडला. खरं तर त्याचा डायरेक्ट होता, कमिशन गेलं नव्हतं म्हणून एनएव्ही वर होती. माझ्या स्टेटमेंटवर फोलिओ म्हणजे फंडातल्या खात्याच्या नंबराजवळ 'एआरएन' आणि पुढे आकडे होते. तो वितरकाचा नंबर.

हे कमिशन वर्षाला एक टक्का धरलं, तर किती होतं? दरमहा १०,००० रुपये, २० वर्षं. वार्षिक १२ टक्क्यांनी साधारण ९९.९ लाख होतात, ११ टक्क्यांनी ८७.४ लाख. साडेबारा लाखांचा फरक! सल्ला देणारा, पडत्या बाजारात फोन उचलणारा वितरक असेल तर त्याला खुशाल द्या. स्वतःच फंड निवडून स्वतःच बटण दाबणाऱ्याने का द्यावे?

रेग्युलर आधीच घेतला असेल तर एसआयपी आजच थांबवा आणि डायरेक्टमध्ये नवी सुरू करा. जुने युनिट मात्र घाईने स्विच करू नका. स्विच म्हणजे विक्रीच. बऱ्याच इक्विटी योजनांत वर्षाच्या आत विकलं तर एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे बाहेर पडण्याचं शुल्क, लागतो, आणि एसआयपीच्या प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात. वर्ष उलटलेल्या युनिटवर इक्विटीचा नफा आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत करमुक्त, त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर. म्हणून पिकलेले हप्ते थोडेथोडे हलवा.

ग्रोथ की आयडीसीडब्ल्यू? ग्रोथ घ्या. आयडीसीडब्ल्यूमध्ये हातात येतो तो तुमच्याच एनएव्हीतून काढलेला पैसा, वर त्यावर कर.

बाकी सोपं. रक्कम टाका, यूपीआयने भरा. इक्विटीत त्या दिवसाची एनएव्ही हवी तर पैसे दुपारी तीनच्या आत फंडाकडे पोचायला हवेत, नुसतं बटण दाबून भागत नाही. ५,००० रुपयांवर २५ पैसे मुद्रांक शुल्क जातं. एसआयपीची तारीख पगारानंतर चार दिवसांनी ठेवा, आणि ऑटोपेची, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची, मंजुरी मिळाली की नाही ते पहिल्या हप्त्याआधी बघा.

युनिट दिसले की स्टेटमेंट उघडून योजनेच्या नावात 'डायरेक्ट' आणि 'ग्रोथ' हे दोन्ही शब्द आहेत ना, ते पाहा. नसतील तर दुसरा हप्ता जाण्याआधी एसआयपी बंद करा.