पंक रॉक ऐकायचे, तर सुरुवात कुठून करावी

पंक रॉक पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते बहुधा नुसता गोंगाट वाटते, आणि त्यात त्याच्या कानांचा दोष नसतो. हे संगीत मुळात दुसऱ्या एका संगीतावरची तरुणांची प्रतिक्रिया आहे. ते दुसरे संगीत कानावरून गेलेले नसेल, तर ही मुले एवढी कशावर चिडली आहेत ते कळत नाही. म्हणून पहिली बैठक पंकला देऊच नये, ती सत्तरच्या दशकातल्या बड्या रॉकला द्यावी.

त्यासाठी येस या इंग्रज बँडचा डिसेंबर १९७३ मधला 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' निवडावा. अल्बम दोन रेकॉर्डांचा, लांबी ऐंशी मिनिटांहून अधिक आणि गाणी मात्र चारच, म्हणजे रेकॉर्डच्या एका बाजूला एक. (परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून गायक जॉन अँडरसनला याची कल्पना सुचली, तेव्हा या प्रकरणाला आपलाही थोडा हातभार लागलेला आहे.) सगळा अल्बम ऐकण्याचा हट्ट नको, एक बाजू पुरे. वाद्यांचे थर किती आहेत, ध्वनिमुद्रण किती घोटीव आहे आणि हे वाजवायला किती वर्षांची तालीम लागली असेल, एवढे मात्र लक्षपूर्वक पाहावे. हे संगीत वाईट मुळीच नाही. पण ब्रिटनमधल्या बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेलेली असताना, शाळा सोडून घरी बसलेल्या एखाद्या मुलाला महागडे कीबोर्ड आणि स्टुडिओतले महिनोन्महिने कुठून परवडणार होते, हा प्रश्न मनात ठेवून पुढच्या बैठकीला बसावे.

दुसरी बैठक न्यूयॉर्कच्या रमोन्स या पंक बँडची. एप्रिल १९७६ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमात चौदा गाणी आहेत, ती सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च सुमारे ६,४०० डॉलर आला होता. हा अल्बम हेडफोन लावूनच ऐकावा आणि मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज देणारी) आवृत्ती टाळून मूळ स्टिरिओ आवृत्ती घ्यावी, कारण तिच्यात बास, म्हणजे खर्जातले गिटार, डाव्या कानात, गिटार उजव्या कानात आणि ड्रम व आवाज मध्यभागी ठेवलेले आहेत. 'ब्लिट्झक्रीग बॉप' लावून डावा हेडफोन काढला की जॉनी रमोनचे गिटार जवळजवळ एकटे ऐकू येते. तो तारांवर हात फक्त वरून खाली मारतो, एकदाही खालून वर नाही, आणि एवढ्या वेगात असे वाजवताना मनगटाची काय अवस्था होत असेल हे गिटार हातात घेतलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. मग उजवा हेडफोन काढून बास ऐकावा आणि शेवटी दोन्ही कानांनी गाणे पुन्हा ऐकावे; गोंगाट वाटत होता त्याची वीण आता दिसू लागते. बडा ख्याल ऐकणाऱ्या कानाला विस्ताराची वाट पाहण्याची सवय असते. ती इथे सोडावी लागते, कारण दोन-सव्वादोन मिनिटांत गाणे संपलेले असते.

तिसऱ्या बैठकीत लंडनला यावे. ऑक्टोबर १९७६ मधले द डॅम्ड या बँडचे 'न्यू रोझ' हे ब्रिटिश पंकचे पहिले सिंगल, म्हणजे सुटे गाणे म्हणून निघालेली पहिली छोटी रेकॉर्ड, मानले जाते. ते एकदा ऐकून सेक्स पिस्तल्स या लंडनच्याच बँडकडे वळावे. 'अनार्की इन द यूके' ऐकताना गायक जॉनी रॉटनच्या उच्चारांकडे लक्ष द्यावे. पहिल्याच शब्दातला 'र' तो किती लांबवतो ते ऐकण्यासारखे आहे, आणि कित्येक इंग्रज रॉक गायक अमेरिकन वळणाने गात असताना हा आपली लंडनची बोली लपवत नाही. मे १९७७ मधले 'गॉड सेव्ह द क्वीन' शब्द समोर ठेवून ऐकावे. राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवी वर्षात आलेले हे गाणे बीबीसीने वाजवले नाही, तरी ते विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले.

'पंकवाल्यांना वाजवता येत नव्हते' ही समजूत या टप्प्यावर बाजूला ठेवावी. येससारख्याच बड्या रॉक बँडांपैकी एक म्हणजे पिंक फ्लॉइड, आणि रॉटन 'पिंक फ्लॉइडचा मला तिटकारा आहे' अशा अर्थाचा टीशर्ट घालून फिरत असे हे खरे. पण पिस्तल्सच्या 'नेव्हर माइंड द बॉलॉक्स' या अल्बमचा एक निर्माता ख्रिस थॉमस होता, आणि पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'च्या मिक्सिंगवर, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवण्यावर, देखरेख करणाराही तोच. पिस्तल्सचा गिटारवादक स्टीव्ह जोन्स याने 'नेव्हर माइंड द बॉलॉक्स'मध्ये गिटारचे थरावर थर चढवले आहेत आणि बहुतेक गाण्यांत बासही स्वतःच वाजवला आहे. चकचकीतपणाचे पंकला वावडे होते असे सरसकट म्हणणे म्हणूनच मला पटत नाही. परवानगी न मागता वाजवायला उभे राहणे, हे मला त्यातले अधिक महत्त्वाचे वाटते.

त्याचा उत्तम पुरावा मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने जानेवारी १९७७ मध्ये काढलेला 'स्पायरल स्क्रॅच' हा चार गाण्यांचा संच आहे. कोणत्याही कंपनीची वाट न पाहता, आप्तमित्रांकडून उसने पैसे घेऊन त्यांनी तो स्वतःच छापला, पहिल्या खेपेला एक हजार प्रती. कोणते गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले आणि त्यावर नंतर काही चढवले की नाही, हेही त्यांनी वेष्टनावर छापून टाकले. त्यातल्या 'बोरडम' या गाण्यातला गिटार सोलो (एकट्या गिटारचा तुकडा) दोनच स्वरांचा आहे. तो येईल तेव्हा हसू आले तर ते आवरू नये, कारण लांबलचक सोलोंची ती उघड टिंगल आहे.

यापुढे फार क्रम पाळण्याची गरज नाही. एक्स-रे स्पेक्स या बँडची गायिका पॉली स्टायरीन एकदा तरी ऐकावी. गिटारच्या धबडग्यात सॅक्सोफोन आणि त्यावर तिचा चिरका आवाज, असे मिश्रण दुसरीकडे सहसा सापडत नाही. द क्लॅश या लंडनच्या बँडच्या पहिल्या अल्बममधले 'पोलीस अँड थीव्ह्ज' हे मूळ जमैकाचे रेगे गाणे आहे आणि ते चक्क सहा मिनिटे चालते. लंडनच्या रॉक्सी या पंक क्लबात डीजे डॉन लेट्स रेगेच्याच रेकॉर्ड लावत असे, हे ठाऊक असले की ते गाणे पंक अल्बमात परके वाटत नाही. क्लॅशचाच डिसेंबर १९७९ मधला 'लंडन कॉलिंग' मात्र अगदी शेवटी ठेवावा. त्यात स्का (रेगेच्या आधीचे जमैकाचे संगीत), रेगे, रॉकबिली (पन्नासच्या दशकातला अमेरिकन रॉक), जॅझ असे बरेच काही एकत्र नांदते, आणि तो आधी ऐकणाऱ्याला रमोन्स उगाचच अपुरे वाटू लागतात.