थंडीत तणनाशक ‘फेल’ गेलं? आधी रानात उकिडवं बसून बघा

“गव्हात फवारून पंधरा दिवस झाले, चाकवत जसाच्या तसा उभा. तणाला औषधाची सवय लागली म्हणायची का?” डिसेंबर-जानेवारीत हा प्रश्न हमखास येतो. दुकानात एकच उत्तर मिळतं: डोस वाढवा. घाई करू नका.

कडाक्याच्या थंडीत तणाची वाढ मंदावते, पानातून आत गेलेलं औषध शेंड्यापर्यंत सावकाश पोचतं. गव्हात चाकवतासारख्या तणावर मारतात ते मेटसल्फ्युरॉन मिथाईल हे तणनाशक तर मुळातच हळू मारणारं. शेंड्याची वाढ आधी थांबते, पिवळेपणा नंतर येतो आणि झाड वाळायला दोन-तीन आठवडे जातात. थंडीत त्याहून उशीर.

म्हणून चाकवताचा शेंडा हातात धरून बघा. नवं पान फुटलेलं नाही, कोंब आखडलाय, सगळीच झाडं सारखी फिकी दिसतात? मग औषध लागू पडलंय, थांबा. एक चाकवत वाळून कोळ झालाय आणि वीतभर अंतरावर त्याच वयाचा दुसरा हिरवागार फुटतोय, असं जागोजागी दिसलं तर मात्र तणाला औषधाची सवय लागल्याची शंका घ्या. अर्थात नोझल तुंबलं होतं का, पट्टा सुटला का, हेही आठवा. सुटलेला पट्टा सरळ ओळीत दिसतो. हरळी, लव्हाळा जगला म्हणून बोंब नको. हे औषध रुंद पानांच्या तणासाठीच आहे.

पंजाब-हरियाणात गव्हातल्या गुल्ली दंडा या गवती तणानं आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देणं १९९०च्या दशकातच सोडलं. तिकडे दहिवरही गोठतं, त्यामुळे ‘औषधाला न मरणारं तण थंडीलाही टणक’ असा समज होतो. पण या दोन वेगळ्या गोष्टी. झाडाच्या आत औषध जिथे जाऊन बसतं ती जागा बदलली किंवा झाडानं औषध आतच मोडून टाकलं, की तण औषधातून वाचतं. थंडी सोसणं पेशीतल्या साखरेवर आणि पेशीच्या पडद्याच्या लवचिकपणावर ठरतं. एक आलं म्हणजे दुसरं येतंच असं नाही. आणि आपल्या सोलापुरात तण गोठून मरण्याइतकी थंडी पडतच नाही, तेव्हा ती आशा सोडा.

गव्हात पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी, तण दोन-चार पानांवर असताना, मेटसल्फ्युरॉन मिथाईल २० टक्के एकरी ८ ग्रॅम, २०० लिटर स्वच्छ पाण्यातून. दव वाळल्यावर, ऊन अंगाला लागेल तेव्हाच पंप उचला. थंडीची लाट असेल तर चार दिवस सरकवा. त्याच रानात पुढे ज्वारी, मका घ्यायचा असेल तर लेबल वाचल्याशिवाय हे औषध नको. शेजारी द्राक्षबाग असेल तर टू-फोर-डी या दुसऱ्या तणनाशकाच्या वाटेलाही जाऊ नका. वाऱ्यावर गेलेल्या तुषारानंही वेलीची पानं आखडतात.

आणि फवारलेल्या रानातला चाकवत ताकातल्या भाजीला खुडून नेऊ नका.

दरवर्षी तेच औषध मारत असाल तर यंदा एक खुरपणी वाढवा, पुढच्या रब्बीत त्या रानात पीकच बदला. वाचलेली झाडं बी धरायच्या आत उपटा. एका चाकवताला हजारोंनी बी येतं आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं. फुलोऱ्यात आलेली बांधावर फेकू नका, खड्ड्यात गाडा.